धोंड्याचं वाण, तांब्याचा पाइप

मला काळजी करायला कारण लागत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. कुत्रं रडलं तरी माझ्या पोटात गोळा येतो हे खरंच आहे. पण ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या उन्हाळ्यात माझ्या काळजीला कारण होतं. चांगलं हातभर लांब, तांब्याचं, आणि आरशासारखं चकचकीत.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा तो उन्हाळा. आमच्या औंधाकडच्या भागात त्याआधीच पावसानं हात आखडला होता आणि जो तो विहीर पाडायच्या मागं लागला होता. हे पलटणीतून सुटून घरी आलेले. तिथं गाड्यांची दुरुस्ती करत, म्हणून इथंही यंत्रावरच जीव. त्यांनी ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं जोडायचा कॉम्प्रेसर घेतला होता आणि गावोगाव विहिरी पाडून देत. काम असं : दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या हत्यारानं पाषाणात भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, सुरुंग उडवायचा आणि मग माणसं उतरवून दगड वर काढायचे. काठावर दगड ओढायची यारी उभी असे. तिच्या दोराला लोखंडी बादली. त्याच बादलीतून दगड वर यायचे आणि त्याच बादलीत पाय ठेवून माझा नवरा खाली जायचा.

सुरुंगाचा धूर जड असतो. तो विहिरीच्या तळाला बसून राहतो. वरून बघावं तर विहीर स्वच्छ दिसते, आणि खाली गेलेला माणूस मात्र घेरी येऊन पडतो. म्हणून कॉम्प्रेसरची रबरी नळी तळापर्यंत सोडून हवा मारत ठेवायची आणि माणूस खाली असेपर्यंत ती बंद करायची नाही. सुरुंगानंतर पहिल्यांदा खाली जायचं ते ह्यांनीच, कुठं दारू न उडता राहिली आहे का ते बघायला. दुसऱ्याला पाठवायचे नाहीत. मला ह्या गोष्टी लग्नानंतर कळल्या. आधी कळल्या असत्या तर काय केलं असतं, हा प्रश्न मला कुणी विचारू नये.

त्या कॉम्प्रेसरमध्ये हवा दोनदा दाबली जायची. पहिल्यांदा दाबलेली हवा एका पाइपातून मधल्या कूलरकडं जायची, तिथं निवायची आणि मग दुसऱ्यांदा दाबली जायची. कूलरकडं जाणारा हा पाइप ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं तडकला. कंपनीचा पाइप पुण्याहून यायचा, आणि यायचा म्हणजे आला तर यायचा. ह्यांनी काही दिवस कापडी अस्तराची रबरी नळी आवळून काम भागवलं, पण तिला फोड आले. दुसरा पाइप बाजारातून निवडून, बेतून आणायचा असं ठरलं. बाजार म्हणजे सांगली. आणि सांगलीजवळ माझं माहेर.

नेमका त्याच वेळी अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे नि अनारसे खाऊ घालायचे आणि तांब्याच्या ताम्हनात दिवा लावून वाण द्यायचं. आमच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. माझे वडील कृष्णाकाठचे ऊसवाले. मोठ्या मनाचे, मोठ्या आवाजाचे. ह्यांना पाइप हवा आहे हे कळताच ते म्हणाले, “मग वाण म्हणून त्योच देतो की! ताम्हन काय, दिवा काय, दर वर्साला मिळंल. पावण्यांच्या कामाला यील आसं देऊ.”

मला तेव्हा आनंदच झाला. बाजारात आम्ही तिघं गेलो.

पहिलं दुकान लोखंडाच्या पाइपांचं. ह्यांनी तिथं शिरताच एक पाइप उचलला, डोळ्याला लावून आतून बघितला, बोटानं वाजवला, दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. मला नवऱ्याचं एवढं कौतुकानं बघणं ओळखीचं नव्हतं. माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. “ह्यो वाकवून दोन्ही टोकांना बोल्टाच्या चकत्या जोडल्या की झालं,” ते म्हणाले.

वडिलांचा चेहरा पडला. “पावणं, लोखंड?”

“चांगलं हाय, मामा.”

“चांगलं आसंल. पर धोंड्याच्या म्हैन्यात जावयाच्या हातात लोखंड देऊ? शनीला देत्यात त्ये. भाऊबंद तोंडात शेण घालतील माझ्या.”

ह्यांनी पाइप होता तिथं ठेवला. इतका हळू ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही.

दुकानदारानं जाडजूड रबरी नळी दाखवली, तिला दोघांनीही नाक मुरडलं. एवढ्या एकाच गोष्टीवर सासऱ्या-जावयाचं त्या दिवशी एकमत झालं. मग वडील म्हणाले, “तांब्याचा करू. वाणाला तांबंच लागतं. आन् जरा मोठ्या घेराचा करा. पाइप मोठा आसला की पाणी रग्गड येतं.” ही हवा होती, पाणी नव्हतं, पण वडिलांचं सारं आयुष्य नदीवरच्या इंजिनापाशी गेलेलं. ते पाइपाचा विचार पाण्यातूनच करायचे. हे नुसते “हूं” म्हणाले. तांबटाच्या दुकानात जुना तुटका पाइप मापाला दिला, आणि वडिलांनी ‘पावण्यांनी उन्हात ताटकळू नये’ म्हणून ह्यांना घरी पाठवून दिलं. जावयाचा मान.

तांबट भला माणूस होता. त्यानं जुना पाइप फिरवून बघितला आणि विचारलं, “दोन ठिकाणी सांधा येतोय. सांधायला पितळेचा डाग देऊ का कथलाचा?”

“फरक काय पडतो?” वडिलांनी विचारलं.

“पितळेचा पक्का. पर तांबं काळवंडतं, सांध्यापाशी डागाळल्यावानी दिसतं. कथलाचा डाग चकचकीत ऱ्हातो. गरम पाण्याला न्हाई न्हवं वापरायचा?”

“छ्या! पाणी न्हाई, जाळ न्हाई. हवा हाय नुसती.”

“मग कथलाचा चालतोय.”

“चकचकीत ऱ्हाऊ द्या. वाण हाय.”

मी तिथंच उभी होते. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. हवेला काय होतंय?

दुसऱ्या दिवशी घरात पाहुण्यांची दाटी. ह्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं. ताम्हनात अनारसे, त्यांवर दिवा आणि बाजूला तो पाइप, चिंच लावून घासलेला, झुळझुळीत. बायका बघून हसत होत्या. एक आत्या म्हणाली, “जावयाला बंबाची नळी दिली का काय!” ह्यांनी पाइप हातात घेतला. वळवला. सांध्यावर त्यांचं बोट थांबलं, आणि त्यांनी वर बघितलं.

“मामा, ह्यो डाग...”

वडिलांनी ओंजळीतला नारळ त्यांच्या हातात ठेवला. “घ्या, पावणं. देवाचं नाव घ्या.” ह्यांनी नारळ घेतला आणि वाकून नमस्कार केला. वाजंत्री नव्हती तेवढीच कसर, बाकी सगळं थाटात झालं.

परतीच्या एस.टी.त पाइप माझ्या मांडीवर होता. मी विचारलं, “आवं, पाइप बरा हाय न्हवं?”

“चालंल.”

इथं मला सांगायला हवं की माझा नवरा ‘चांगलं आहे’ म्हणाला तर ते चांगलं असायचं, आणि ‘चालंल’ म्हणाला की समजायचं, आमटी खारट झाली आहे. मी खोदून खोदून विचारलं. विट्याच्या पुढं कुठंतरी ते बोलले.

“सायकलीला पंप मारलाईस कवा?”

“मी कशाला मारतीय?”

“मारल्यावर पंपाचं बूड हाताला चटकं देतंय. हवा दाबली की तापती. हितं तर टॅक्टर पंप मारतोय. कूलरच्या अगुदर लय तापती. कथील वितळाय किती येळ?”

“आन् मग तवाच का न्हाई बोलला?”

“आगं, वाण हाय त्ये. देवापुढचा दिवा फुंकर घालून इझवायचा व्हय? भरल्या घरात सासऱ्याला म्हनू, तुमचं वाण खोटं हाय?”

“मग लावू नका त्यो पाइप.”

“न लावून? रबर फुटलंय. म्हाताऱ्याची हीर अर्धी पडलीया, मेंढरं पाण्याला तरसल्यात. ही हीर झाली की दुसरा बगू.”

ती विहीर एका मेंढपाळ म्हाताऱ्याची. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली माणसं, आता नुकती जमीन कसायला लागलेली. म्हातारा बोलायला गोड, पण दिवसातून दहादा विहिरीत वाकून बघायचा आणि काही न बोलता मागं फिरायचा. त्याच्यापुढं यंत्र बंद ठेवणं ह्यांना जमलं नसतं हे मलाही कळत होतं. कळत होतं म्हणून काळजी कमी होत नाही.

पाइप बसला. यंत्र चालू झालं. मी रोज भाकरी घेऊन विहिरीवर जायची. आधी कुणाच्यातरी हाती पाठवत असे, आता स्वतः जाऊ लागले. टेकडीवरून यमाईचं देऊळ दिसायचं. तिथून मी हात जोडायची आणि मग उतार उतरून थेट कॉम्प्रेसरपाशी जायची. माणसं हसायची. “वैनी, नवऱ्याला भाकरी घालताय का मशिनीला?” मी हसण्यावारी नेत असे आणि पाइपाकडं बघत असे. मी घरी असले की कान तिकडं. वारा आमच्या दिशेनं असला तर यंत्राचा आवाज यायचा. आला की धास्ती, थांबला की जास्तच धास्ती. सासूबाई म्हणायच्या, “पोरी, तव्यावर लक्ष दे.” भाकरी करपत होत्या ते खरंच.

एके दुपारी मला दिसलं. पाइपाची चमक केव्हाच गेली होती, जांभळट झाला होता. आणि सांध्याखाली कथलाचा एक थेंब लोंबत होता, घामासारखा. मी ह्यांना ओढत आणून दाखवलं.

“बगितलंय मी,” ते म्हणाले. “आजचा सुरुंग उडवतो आन् उद्या मशीन बंद.”

“आजच बंद करा.”

“दारू ठासून झालीया, आगं. तशीच ठेवू?”

ठासलेली दारू तशीच ठेवून घरी जाता येत नाही, हे तर मीही शिकले होते. सुरुंग उडाला. दगडांचा पाऊस पडून थांबला, आम्ही लपलो होतो तिथून बाहेर आलो. नळी खाली सोडली, यंत्र चालू केलं, हवा मारली. बराच वेळ मारली. मग ह्यांनी बादलीत पाय ठेवला, दोर धरला आणि माझ्याकडं न बघता खाली गेले. खालून दोर हलला, म्हणजे पोचले.

मी पाइपाकडं बघत होते, म्हणून आवाज व्हायच्या आधीच मला दिसलं. सांध्यातून बारीक फुसफुस झाली आणि लगेच पाइपाचं टोक निखळून उडालं. हवा बाहेर सुटली, आणि ओझं गेल्यावर बैल उधळावा तसा ट्रॅक्टर बोंबलायला लागला. आणि विहिरीत टाकलेली नळी मेल्या सापासारखी सैल पडली. खाली हवा जात नव्हती.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. यारीवरच्या दोघांनी चाक फिरवायला घेतलं, पण बादली वर येऊन उपयोग काय, आत माणूस पाहिजे. दोरावर भार नव्हता. वरून हाका मारल्या तर खालून नुसतं हूं हूं. त्या म्हाताऱ्यानं मेंढरांसाठी तोडलेला कडुलिंबाचा पालेदार ढाळा तिथं पडला होता. त्यानं तो दुसऱ्या एका दोराला बांधला आणि विहिरीत सोडून जोरजोरात वरखाली करायला लागला. कॉम्प्रेसर येण्याआधी सगळे असाच धूर हुसकायचे म्हणे. मीही त्या दोराला लागले. हातांची सालटी निघाली. विहिरीतून जळक्या दारूचा वास वर येत होता आणि माझ्या मनात एकच चाललं होतं : चकचकीत राहू द्या, चकचकीत राहू द्या.

मग यारीचा दोर ताणला गेला. “धरलं! धरलं!” म्हणून कुणीतरी ओरडलं. बादली वर आली तेव्हा हे दोराला मिठी मारून होते, डोळे मिटलेले, ओठ निळे. काठावर घेतल्यावर ओकले. मग मला विचारलं, “जेवन आणलंईस का?” मी त्यांच्या दंडावर एक फटका मारला आणि तिथंच खाली बसून हमसून हमसून रडले. माणसांनी तोंडं फिरवली.

ह्यांचं डोकं दोन-चार दिवस धरलेलं राहिलं. तोवर बातमी सांगलीकडं पोचली होती आणि वडील आले. आल्या आल्या ओसरीवर बसले, टोपी काढली, जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी आत चूल पेटवत होते, पण कान बाहेर.

“पावणं, काय झालं न्हेमकं?”

“काय न्हाई, मामा. बोल्ट ढिला ऱ्हायला हुता. माझ्याच हातनं.”

“पाइप?”

“पाइप झ्याक हाय. पुन्यांदा बसवतो आता.”

पुन्हा बसवतो! माझ्या हातातली फुंकणी खाली पडली. मी डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आले. वडिलांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे मला शिकवलेलं होतं. वडिलांना उलट बोलायचं नसतं, हेही शिकवलेलं होतं. मी दोन्ही मोडलं.

“आण्णा, बोल्ट न्हाई ढिला. तुमच्या वाणाचा सांधा वितळला. ह्ये खाली हुते आन् हवा बंद झाली. तुमच्या चकचकीत पाइपानं माझं कपाळ पांढरं होत हुतं. आन् ह्ये तुमचा मान राखाय त्योच पुन्यांदा बसवाय निघाल्यात.”

हे माझ्यावर खेकसले, “आगं गप!” सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं वडील आता उठतील, टोपी घालतील आणि पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नाहीत.

“पावणं,” ते सावकाश म्हणाले, “त्या दिशी तुमी तोंड उघडलं हुतं. मी बघितलं हुतं. वाटलं, भरल्या घरात जावई न्हाई म्हनला तर माझं काय ऱ्हातंय. म्हनून मीच नारळ पुढं केला.”

ह्यांनी मान खाली घातली. मला त्या दोघांचाही इतका राग आला, आणि दोघांचीही इतकी कीव आली, की मी आत जाऊन पेटलेल्या चुलीला उगाच आणखी फुंकत बसले. वडील चहासुद्धा न घेता गेले.

आठवडाभर मला घास गोड लागला नाही. एका सकाळी वडील एस.टी.तून उतरले, खांद्यावर पोतं. ओसरीवर त्यांनी पोतं सोडलं. आत लोखंडाचा पाइप, वाकवलेला, दोन्ही टोकांना चकत्या जोडलेल्या. ह्यांच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मला हाक मारली.

“पोरी, पदर पसर.”

“काय वो, आण्णा?”

“जावयाला लोखंड देत न्हाईत. लेकीला देत्यात. इळी दिली, तवा दिला, उलथणं दिलं. ह्योबी तुला.” आणि त्यांनी तो जड पाइप माझ्या पदरात घातला. ओटी भरताना घालतात तसाच, हलक्या हातानं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

हे पुढं आले. “बगू,” म्हणाले. मी पाइप दिला. आम्ही सगळे कॉम्प्रेसरपाशी गेलो. ह्यांनी तो जागेवर धरला, चकतीची भोकं जुळवून बघितली, काढला, फिरवला, पुन्हा धरला. भोकं जुळत नव्हती. अंगठ्याएवढा फरक. ताणून, ठोकून बसला असता, हे मलाही दिसत होतं. वडील अंगातल्या घामेजल्या सदऱ्याच्या बाह्या ओढत शेजारी उभे होते. इतक्या लांबून, पोतं खांद्यावर घालून आणलेला पाइप. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

“मामा,” ते म्हणाले, “ह्यो बसत न्हाई.”

“न्हाई म्हंजे?”

“न्हाई म्हंजे न्हाई. बदलून आणाय पायजे.”

वडिलांनी पाइप हातात घेतला, पोत्यात घातला आणि पोत्याचं तोंड बांधलं. “चला मग,” ते म्हणाले, “दुपारची गाडी घावंल.” मी दोघांसाठी भाकरी बांधून दिल्या. दोघं उतारावरून फाट्याकडं निघाले, पोतं आता ह्यांच्या खांद्यावर, आणि दोघं मोठमोठ्यानं वाद घालत होते. शब्द कळत नव्हते, पण मधूनमधून ह्यांचं “न्हाई, मामा, न्हाई!” एवढं वाऱ्यावर ऐकू येत होतं, आणि ते जोवर ऐकू येत होतं तोवर मी दारातून हलले नाही.